पुरस्काराची पाटी आणि सोनगीरचा ठोका

दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, तरी धुळ्याच्या बाजारात भाजी निवडत असले की मागून कुणीतरी हाक मारतंच, "अक्का, यंदा कोण?" मीही मागे न बघता सांगते, "यंदा दुधी भोपळा." विचारणारा हसतो आणि जातो. भाजीवाली मात्र माझ्याकडे बघत राहते, की ही बाई बरी आहे ना! तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी हे लिहायला बसले आहे.

माझं कॅसेटचं दुकान होतं. आग्रा रोडवरून आत वळलं की गल्लीच्या तोंडाशीच. आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, पण आमचा नंबर काही मी सांगत नाही. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात आणि त्या मालकाला उगाच त्रास नको. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. घराची पुढची खोली रिकामी होती आणि मला लहानपणापासून गाण्यांचं वेड. सासूबाई म्हणाल्या, "काही करायचंच असेल तर पापड कर." म्हटलं, पापड अख्खी गल्ली करते, मी गाणी विकते. त्या पुढे आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मग एके दिवशी भजनाची कॅसेट मागायला स्वतःच काउंटरवर आल्या. मी त्यांना गिऱ्हाइकासारखं "या, बसा" म्हटलं. तेव्हा कुठे हसल्या.

या धंद्यात विकणं अर्धं, आणि दुरुस्ती अर्धी. गिऱ्हाइकं तर काय एकेक! गाण्याचं नाव कुणालाच ठाऊक नसायचं. "तो पाण्यात उभा राहून गातो ती द्या." मी म्हणायचे, "भाऊ, कॅसेटमध्ये पाणी दिसत नाही, जरा गुणगुणून दाखव." आणि तो लाजून लाल व्हायचा. एकदा नवरदेवाचे काका आले. त्यांना वरातीत पोरांना नाचता येईल, पण आजीला मान खाली घालावी लागणार नाही अशी कॅसेट हवी होती. मी दुपारभर शोधून एक दिली. दुसऱ्या दिवशी काका परत आले नि म्हणाले, "अक्का, आजीच नाचली." रावेरकडची केळीची गाडी घेऊन जाणारे ड्रायव्हर आमचे ठरलेले गिऱ्हाईक. ते कॅसेटी काचेशी ठेवायचे आणि आमच्या खानदेशच्या उन्हात त्या पापडासारख्या वाकायच्या. शेवटी पापडांनी माझा पिच्छा काही सोडला नाही.

दुरुस्तीचं जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कॅसेटच्या पोटात एक लांबलचक तपकिरी फीत असते, तिला टेप म्हणायचं. माणसाला एखादं गाणं आवडलं की तो ते मागे घेतो आणि परत ऐकतो. परत मागे, परत पुढे. त्या जागी टेप झिजते, चुरगळते आणि एक दिवस तिथंच तुटते. मग तो माझ्याकडे येणार. मी बारक्या पेचकसानं कॅसेट उघडायची, तुटलेली टोकं ब्लेडनं सरळ कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, पेन्सिल घालून गुंडाळायची आणि बरोबर झाली का बघायला ती जागा वाजवायची. त्यामुळे धुळे आणि आसपासच्या गावांत कोण कोणत्या गाण्यावर जीव टाकतं, ते मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं. मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही. हो, एवढा धर्म पाळला.

आता पाटी. नव्वदच्या पुढे केबल आली, टीव्हीवर पॉप गाणी दिसायला लागली आणि मुंबईत दरवर्षी त्यांचा राष्ट्रीय पुरस्कार सोहळा व्हायला लागला. कोणाकोणाला नामांकन मिळालं ते पेपरात यायचं. दुकानापुढे एक काळी पाटी पडून होती, आमच्या ह्यांनी शाळेतून मोडीत आणलेली. पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून तिच्यावर सगळी नावं खडूनं लिहिली, वर "यंदा कोण?" असं घातलं, आणि मला जे जिंकतील असं वाटलं त्यांच्यापुढे खूण केली. ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याला एक कोरी कॅसेट बक्षीस. त्या वर्षी माझ्या बहुतेक खुणा बरोबर निघाल्या. पुढच्या वर्षीही. मग काय, नाक वर करूनच चालत होते मी! कॉलेजची पोरं, बँकेतले लोक, डॉक्टर, सगळे पाटीपुढे उभे राहून वाद घालायचे. जळगावचा आमचा घाऊक व्यापारी माल पाठवायच्या आधी फोन करून विचारायचा, "पाटीवर कोण आहे?"

लोकांना वाटायचं, अक्काला जे आवडतं तेच जिंकतं. छे! आवड वेगळी आणि अंदाज वेगळा. आवड माझ्या कानाची. अंदाज म्हणजे मुंबईत बसलेले परीक्षक काय करतील याचा हिशेब. परीक्षकांना टेप तुटलेली दिसत नाही. त्यांना टीव्हीवरचं दिसतं, कोणाच्या मागे किती नाचणारे होते ते दिसतं, आणि गेल्या वर्षी ज्याला दिलं नाही त्याला यंदा देऊन टाकावं असंही वाटतं. मीही तसाच विचार करायचे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी पुरुषांत तिघं होते. एक जॅकेटवाला. बर्फात उभा राहून गायचा, आणि आमच्याकडे मे महिन्यात त्याचं पोस्टर बघूनच घाम फुटायचा. आवाज बरा, पण प्रत्येक ओळ संपली की श्वासाचा सुस्कारा टाकायचा, जसं काही पायऱ्या चढून आलाय. दुसरा ढोलवाला. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्यानं माझं दिवाळीचं दुकान चालवलं. तिसरे एक दाढीवाले, चांगले शिकलेले गाणारे, कॅसेट कंपनीच्या नादानं पॉपमध्ये आलेले. गाताना त्यांची दया यायची. मी खूण ढोलवाल्यापुढे केली, आणि आवड विचाराल तर दाढीवाले. त्यांचं पॉप नव्हे, आधीचं.

आणि नवीन आवाजाच्या गटात होती एक चष्मेवाली, दोघं भाऊ होते गिटारवाले, आणि होती 'रिया'. तिची कॅसेट निळी. निळा ड्रेस, कापलेले केस, मागे निळा समुद्र. ही रिया म्हणजे आमची सोनगीरची कुसुम.

सोनगीर इथून जवळच. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, आणि तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरं. माझ्या काउंटरवर पाण्याचा तांब्याचा लोटा असायचा, तोही सोनगीरचाच. कुसुम धुळ्याला कॉलेजात यायची आणि एसटीची वेळ होईपर्यंत माझ्या दुकानात उभी राहायची. विकत काही घ्यायची नाही. पण मी एखादी टेप जोडून वाजवली, की मान न उचलता म्हणायची, "अक्का, जोडाच्या जागी सूर किंचित चढतो." अशी पोरगी. मी तिला म्हटलं होतं, बाई, तू इथं उभी राहू नकोस, मुंबईला जा. ती गेली. तिथं ओळखीच्या बाईंकडे राहून शिकली, कोरसमध्ये गायली, आणि मग कंपनीनं तिचे केस कापून तिची रिया केली. सोनगीरला त्यांच्या घरी फोन नव्हता. ती फोन माझ्या दुकानात करायची आणि मी निरोप सोनगीरच्या विठ्ठल दूधवाल्याजवळ द्यायचे.

नामांकनाची बातमी आली तशी सोनगीरची माणसं पाटी बघायला येऊ लागली. मी नावं लिहिली होती, पण नवीन आवाजाच्या गटात खूण अजून केली नव्हती. विठ्ठल रोज सायकल टेकवून विचारायचा, "अक्का, आपल्या पोरीपुढे खूण करायला खडू संपला का?" मी म्हणायचे, "दूध पातळ का येतंय ते आधी सांग." मग तो सायकलला टांग मारायचा.

मग एका दुपारी रघुआबा आले. कुसुमचे वडील. उंच, वाकलेले, हातांना तांब्याचा हिरवट रंग बसलेला. जन्मभर हातोडी चालवून त्यांचे कान गेले होते. तांबटांच्या घरी हे व्हायचंच. ऐन चाळिशीत माणसं ओरडून बोलायला लागायची. आबांना तर आता कानाशी भोंगा वाजवला तरी ऐकू यायचं नाही. कुसुम लहान असताना थोडं यायचं म्हणे. पण ती मोठी होऊन गायला लागली, तोवर सगळं बंद झालं होतं. आपल्या पोरीचं गाणं बापानं कधी ऐकलंच नाही.

मी काउंटरखालची लहान पाटी काढली. त्यांच्याशी बोलायची ती रीत होती. मी लिहायचे, ते वाचायचे आणि मोठ्यानं बोलायचे.

"अक्का, तुम्ही बठ्ठास्ना अंदाज सांगतस," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांचा. "मनी पोर जिकी का?"

मी लिहिलं, "गंमत असते ती. मनावर घेऊ नका."

"गंमत नही शे," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. एरंडोलहून कुसुमला स्थळ आलं होतं. घर चांगलं, शेती, मुलगा शिकलेला. पण सुनेनं गाणं गायलेलं त्यांना चालणार नव्हतं आणि त्यांना उत्तर हवं होतं. कुसुमनं मागे घरी आली तेव्हा पाटीवर लिहून दिलं होतं, की पुरस्कार मिळाला तर मला गाऊ द्या. नाही मिळाला, तर परत येते, तुम्ही म्हणाल तिथं लग्न करते. कंपनीही तिला तेच सांगत होती. पुरस्कार मिळाला तरच दुसरी कॅसेट.

"लोके म्हनतस चांगली गास," आबा म्हणाले. "लोके तं म्हनतीनच. माले ऐकू येस नही. मंग मी कसावर ठरावू?"

इतकी वर्षं पाटी लिहिली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळं धुळं मला अंदाज विचारत होतं. हा एकच माणूस असा होता, की ज्याला अंदाज आणि मत दोन्ही हवं होतं, आणि माझ्या उत्तरावर एका पोरीचं पुढचं आयुष्य जाणार होतं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला. मला जरा वेळ हवा होता.

आबा उठले आणि दुकानाच्या मोठ्या स्पीकरपाशी गेले. त्याच्या जाळीच्या कापडावर त्यांनी तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं. मी निळी कॅसेट लावली, पहिल्या बाजूचं पहिलं गाणं, ज्याला नामांकन होतं ते. आवाज एवढा वाढवला की समोरचा शिंपी बाहेर आला. आबा डोळे मिटून उभे होते. गाणं संपलं, त्यांनी हात काढला.

"हाई तं बठ्ठास्नं सारखंच लागस," ते म्हणाले. धक धक, धक धक. ढोलवाल्याचं लावा, जॅकेटवाल्याचं लावा, हाताला सारखंच.

खरं सांगायचं तर मलाही ते तसंच लागायचं. ते गाणं कंपनीचं होतं, कुसुमचं नव्हतं. आणि आता टेपांकडे येते. निळ्या कॅसेटी माझ्याकडे दुरुस्तीला यायला लागल्या होत्या, पण त्या पहिल्या गाण्यावर तुटलेल्या नव्हत्या. साक्रीच्या एका शिक्षिकेची आली, एका ड्रायव्हरची आली, वसतिगृहातल्या एका मुलीची आली, आणि सगळ्या एकाच जागी तुटलेल्या. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. टीव्हीवर कधी न दिसलेलं, संथ. त्यात शेवटी सगळी वाद्यं थांबतात. फक्त तिचा आवाज राहतो आणि मागे एक टण्‌टण्‌, घंटेसारखी, मध्येच जरा अडखळून पुढे जाणारी. लोक तेवढंच मागे घेऊन ऐकत होते. जोडताना मी ते कितीदा ऐकलं असेल, आणि जोड तपासून झाला तरी पुढे वाजू द्यायचे.

मी कॅसेट उलटली आणि ते गाणं लावलं. आबांनी पुन्हा तळवा ठेवला.

सुरुवातीला काही नाही. मग वाद्यं थांबली. आबांचा दुसरा हात काउंटरवर होता, त्याची बोटं हलायला लागली. टण्‌, टण्‌टण्‌. मी बघतच राहिले. बोटं गाण्याच्या मागे नव्हती, बरोबर होती. आणि जिथं ती टण्‌टण्‌ अडखळायची, तिथं त्यांचं बोट आधीच थांबलेलं असायचं. जणू पुढचं त्यांना माहीत होतं.

त्यांनी डोळे उघडले. "हाऊ मना ठोका शे," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. त्यांनी काउंटरवरचा माझा लोटा उचलला आणि त्याच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. "घागरना गळाना ठोका. गळा वळाले लागना का हात जरासा थांबस, मंग पडस." मग त्यांनी भांड्याच्या पोटावर, बुडावर बोट आपटून दाखवलं. प्रत्येक जागेचा ठोका वेगळा. गळ्याचा हा, अडखळणारा. ती कॅसेटवरची घंटा नव्हतीच. कुसुमनं मुंबईत कुठूनतरी तांब्याची घागर मिळवून तो ठोका वाजवून घेतला होता. आणि इतकी वर्षं सोनगीरचा लोटा हाताशी घेऊन बसलेल्या मला ते कळलं नव्हतं!

"मी ठोकू नि ती तठेच झोळीमा झोपे," आबा म्हणाले. "ठोका थांबना का रडे. मंग मी थांबूच नही."

पोर झोळीत झोपलेली, आणि ती रडू नये म्हणून बाप हातोडी थांबवायचा नाही. आधीच जाणारे कान त्यात आणखी किती गेले असतील, कुणास ठाऊक. मी पदर डोळ्याला लावला. आबा मात्र रडत नव्हते. ते अजून स्पीकरवर हात ठेवून होते. गाणं संपलं होतं तरी.

मग त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. "आते खरं लिखा."

मी लिहिलं, "पुरस्कार मिळणार नाही. चष्मेवालीला मिळेल." आणि खाली लिहिलं, "पण पोरगी फार चांगली गाते. या गटात तीच गाते."

आबांनी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. चहा पिऊन टाकला. "ठीक शे," म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. त्यांनी कोणती ओळ मनात धरली, ते त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

संध्याकाळी मी मोठ्या पाटीवर चष्मेवालीपुढे खूण केली. आमचे हे शाळेतून आले, पाटी बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि चिडले. ते सहसा चिडत नाहीत.

"खोटं लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? त्या माणसाला आनंद झाला असता."

"तो रविवारच्या सोहळ्यापर्यंतच टिकला असता," मी म्हटलं.

"टिकू दे की रविवारपर्यंत!"

"आणि सोमवारी ते कुणाला विचारायला येतील? मी लिहिलेलं पुन्हा खरं मानतील का?"

जेवताना माझ्या ताटात त्यांनी भरीत जास्त वाढलं, त्यावरून त्यांना पटलं ते मी समजले.

गावानं मात्र मला सोडलं नाही. विठ्ठलनं दूध घालायचं बंद केलं नाही, पण सायकलवरून उतरायचं बंद केलं. दूध दारात ठेवायचा आणि घंटी वाजवून निघून जायचा. सोनगीरच्या बायका दुकानासमोरून तोंड फिरवून जायच्या. एकीनं तर ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "आपलीच माणसं आपल्या पोरीचं वाईट बघतात." मी तिला हाक मारून भांडणार होते, माझा स्वभाव तसाच आहे. पण काय बोलणार? मनातून तर मलाही वाटत होतं, की देवा, एकदा तरी माझी पाटी खोटी पाड.

रविवारी संध्याकाळी मी टीव्ही काउंटरवर आणून ठेवला. दरवर्षीसारखी गर्दी झाली. ढोलवाल्याला मिळाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग नवीन आवाजाचा गट आला. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे दाखवले. कुसुमनं केस वाढवलेले दिसले, कानात छोटे डूल होते, सोनगीरचेच असतील. पाकीट फोडलं. चष्मेवाली. गर्दीतून कुणीही ओरडलं नाही. कॅमेरा कुसुमवर गेला, ती हसत टाळ्या वाजवत होती. बाकीच्यांच्या थांबल्या तरी ती वाजवत होती. मी टीव्ही बंद केला. कोऱ्या कॅसेटीचं बक्षीस मागायला त्या वर्षी कुणीच आलं नाही.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, कारण लोक विचारतात. कुसुम पुढे कुणी मोठी स्टार झाली नाही. 'रिया' नाव त्या निळ्या कॅसेटीबरोबरच संपलं. पण ती गात राहिली. जाहिरातीत, दुसऱ्यांच्या मागे, लहान मुलांच्या गाण्यांत. आज मुंबईत तिच्याकडे मुली शिकायला येतात. चष्मेवालीचं काय झालं ते मला माहीत नाही. तिची कॅसेट दुरुस्तीला कधी आलीच नाही. एवढा एक टोमणा मारू द्या मला.

तर सोमवारची सकाळ. मी शटर उघडत होते, तेव्हा आबा पायरीवर येऊन बसलेले होते. पहिल्या एसटीनं आले असणार. निकाल त्यांना गावात समजलाच होता. मी काही लिहायला गेले, तर हातानंच "राहू द्या" म्हणाले. आम्ही दोघं नुसते बसलो. मी लोटा भरून ठेवला.

फोन वाजला. कुसुमच होती. आवाज बसलेला, रडून रडून.

"अक्का, आबांना निरोप द्या," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणे मी येते. एरंडोलवाल्यांना हो सांगून टाका म्हणावं."

"कुसुम, आबा इथंच बसलेत," मी म्हटलं. मग तिला हुंदका आला.

मी रिसिव्हर मानेशी धरून पाटीवर लिहिलं, "येते म्हणते. एरंडोलला हो सांगा म्हणते." आणि पाटी आबांकडे फिरवली.

आबांनी ती वाचली. मग हिरवट तळव्यानं सगळं पुसून टाकलं. माझ्या हातातून रिसिव्हर घेतला, कानाला लावला नाही, काउंटरवर आडवा ठेवला. लोट्यातलं पाणी त्यांनी रस्त्यावर ओतलं. माझा कॅसेट उघडायचा पेचकस उचलला, उलटा धरला, आणि त्याच्या लाकडी मुठीनं लोट्याच्या गळ्यावर ठोका द्यायला लागले, रिसिव्हरच्या अगदी जवळ. टण्‌, टण्‌टण्‌. हात जरासा थांबायचा, मग पडायचा.

मी वाकून रिसिव्हरशी कान नेला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग तेही थांबलं.

"अक्का," ती अगदी हळू म्हणाली, "हे आबांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं. त्यांनी हातानं ऐकलं. त्यांचा ठोका ओळखला त्यांनी."

आबा ठोकत होते. आणि मग तिनं सुरू केलं. ते दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, मागे काही नाही, फक्त ठोका. आवाज फाटत होता, पण ठोक्यावर बरोबर पडत होता. मी स्टूल ओढून बसले.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "गास का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. गाते.

"मंग एरंडोलले मी नही सांगी देस," ते म्हणाले. स्थळाला नकार, आणि तोही इतका सहज, जसं दुधाचं सांगावं. हात चालूच होता.

दुकानापुढे एकेक माणूस थांबायला लागला. विठ्ठल सायकलवरून उतरला होता. आबांच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, वय झालं होतं त्यांचं. मी पाटी घेतली आणि लिहिलं, "पुरे आता, आबा. हात दुखेल."

त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

"थांबनू तं रडी ती," आबा म्हणाले, आणि ठोकत राहिले.